सगळ्यांत मागे चालणारा

हे खरं घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

माझ्या आईने, मधुमतीने, हे मला आयुष्यात दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

१९९७ चा सप्टेंबर. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, होली आयलंडच्या अलीकडची वाळू.

रात्र नव्हती. लख्ख नसली तरी दुपारच होती.

मेलरोजच्या पडक्या मठापासून त्या बेटापर्यंत, एका संताच्या नावाने, ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट आहे. स्कॉटलंडच्या टेकड्या ओलांडायच्या आणि शेवटी, ओहोटी लागली की, उघड्या पडलेल्या वाळूवरून अनवाणी बेट गाठायचं.

मधुमतीला ना त्या संताचं काही होतं, ना त्या बेटाचं. तिला झोप हवी होती. पद्माकर, म्हणजे माझे बाबा, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. बर्मिंगहॅममध्ये शेजारच्या घरात नुकतीच राहायला आलेली जोन चर्चमध्ये जाणारी, दणकट बाई. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पाय दमले की डोकं गप्प बसतं."

आईची पुण्यापासूनची मैत्रीण रेखाही तयार झाली.

जोनचे नियम पक्के. मोजे दोन घालायचे, आत पातळ, वर लोकरीचे. टाच नुसती लाल दिसली तरी पट्टी लावायची, फोडाची वाट बघायची नाही. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय वाळूवर पाऊल टाकायचं नाही. आणि सगळ्यांनी चालायचं ते सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने.

कुणालाही मागे सोडायचं नाही.

निघताना रेखा अडली. "तिघी? तीन तिगाडा. मधू, एक दगड उचल बाई, चौथा म्हणून."

"इथेसुद्धा?"

"का? अपशकुन काय पासपोर्ट बघून येतो?"

मधुमतीने खिशात हात घातला. कोट पद्माकरचा होता, पावसाळी, बाह्या बोटांपर्यंत येणारा. खिशाच्या तळाशी एक खडा लागला.

"हा बघ. आहेच."

"झालं तर. चला."

त्या वाटेवर शेतांच्या कडेला झुलती फाटकं असतात. एका वेळी एकच माणूस पलीकडे जातं आणि त्याच्यामागे फाटक खाडकन आपटतं.

पहिल्या फाटकातून रेखा गेली. खाड.

मधुमती गेली. खाड.

जोन गेली. खाड.

तिघी पुढे निघाल्या, आणि मागे…

खाड.

वारा असेल, मधुमतीला वाटलं.

गवताचं पातं हलत नव्हतं.

जोन प्रत्येक फाटकाशी मागे वळून माणसं मोजायची. "ऑल फोर? गुड."

रेखाला हसू फुटलं. "ही दगडसुद्धा मोजते! बरं सांगितलंस तिला."

"मी नाही सांगितलं. मला वाटलं तू सांगितलंस."

रेखाचं हसू ओठावरच राहिलं. दोघी तशाच पुढे चालत राहिल्या. पाय ठणकत होते, पाठीवरच्या ओझ्याने खांदे सोलवटले होते. दमलेल्या माणसाला घाबरायचाही कंटाळा येतो.

पण टेकड्यांमध्ये मधुमतीच्या कानांवर ते यायला लागलं.

टप्… सर्र. टप्… सर्र.

एक पाय टेकणारा. एक फरफटणारा.

अर्धांगाच्या झटक्यानंतर पद्माकर असा चालायचा. शेवटचं वर्षभर. गाडीपासून दुकानापर्यंत जायलाही वेळ लागायचा, आणि मधुमती पुढे जाऊन, पर्स सावरत म्हणायची, "या हो लवकर."

ती वळली नाही.

शेवटच्या दिवशी वाळूपाशी पोचायला उशीर झाला. जोन वाटेत सारखी थांबत होती, मागे बघत होती. तरी वेळापत्रकाप्रमाणे निघण्यापुरता वेळ होता. बूट काढून गळ्यात अडकवले. बेटापर्यंत उंच खांबांची रांग रोवलेली असते, त्या खांबांच्या आधाराने चालायचं.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं.

पुढचा खांब दिसेना. पक्षी बोलायचे थांबले. पायांखालची वाळू गार, आणि तो मागचा आवाज…

तोही नाही.

मधुमतीने पहिल्यांदा मागे पाहिलं.

ओल्या वाळूवर पावलांचे चार माग होते.

तीन त्यांच्या पायांपर्यंत आलेले. चौथा मागे, एका खांबाशी संपलेला. त्यातलं एक पाऊल स्पष्ट. दुसऱ्याच्या जागी नुसता ओरखडा.

"थांबा," जोन म्हणाली. "ते मागे राहिलेत."

"कोण?" रेखाचा आवाज चिरकला.

"तुमच्यातलेच ना ते? पहिल्या दिवसापासून मागून येतायत. बोलत नाहीत. मला वाटलं, लाजतात. अशा वाटेवर कुणी कुणी येतं सोबतीला." जोनने ओझं सावरलं. "पाय अधू आहे त्यांचा. मी घेऊन येते."

आणि ती परत निघाली.

त्याच वेळी वाळूतल्या बारीक ओहोळांमधून पाणी उलटं सरकायला लागलं. भरती.

"जोन, नको! तिथे कुणी नाहीये!"

"आहेत की. ते काय."

मधुमती धावली. धावताना कोटाच्या खिशातला खडा मांडीला लागत होता. तिने तो बाहेर काढला. पहिल्यांदाच नीट पाहिला.

पांढरी संगमरवरी कपची. अशा कपच्या तिने एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या. क्रेमॅटोरियमच्या गुलाबांच्या वाफ्यांत.

मग सगळं आठवलं. फेब्रुवारीचा गारठा. पुण्याहून पातळ स्वेटरवर आलेला धाकटा दीर, राजीव. तिनेच त्याच्या अंगावर हा कोट घातला होता. तिथे ना चिता, ना मडकं. गुरुजी म्हणाले, "बाहेरून एखादा खडा तरी उचला, जीवखडा म्हणून. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात असतो, मग तो पाण्यात सोडायचा." राजीवने उचलून खिशात टाकला. अस्थी घेऊन तो नाशिकला गेला.

कोट मात्र इथेच खुंटीवर राहिला.

दीड वर्ष.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. जोन धुक्यात पुसट व्हायला लागली होती. तिचा हात पुढे झालेला, कुणाला तरी आधार द्यावा तसा.

मधुमती त्या पाण्यात वाकली. मंत्र येत नव्हते. तिने खडा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

"अहो," ती म्हणाली, "मी फार घाई केली तुमची. आता तुमच्या चालीने जा. आमच्यासाठी थांबू नका."

काही झालं नाही.

मग धुक्यातून जोन एकटीच परत आली. चेहरा गोंधळलेला. तिने रेखाकडे बोट केलं, मधुमतीकडे केलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"थ्री," ती म्हणाली. "मी चार का म्हणत होते?"

कमरेएवढ्या पाण्यातून त्या बेटावर पोचल्या.

त्या रात्री मधुमती झोपली. सकाळी रेखाला तिला हलवून उठवावं लागलं.

घरी येऊन तिने पुण्याला फोन लावला. राजीवकाकांना खड्याचं विचारलं. "वहिनी, घाटावर पिशवीत बघितलं तर नव्हता. मग गोदावरीतलाच एक उचलून सोडला. तुम्हाला कसं सांगू, कळेना."

यंदा मार्चमध्ये आई गेली.

मी एकुलती एक, त्यामुळे सगळं मीच केलं. खडाही मीच उचलला. दहावा झाला. अस्थी साउथहॅम्प्टनजवळ समुद्रात सोडल्या.

खडा सोडायला हात उघडला… आणि परत मिटला.

तो माझ्या कोटाच्या खिशात आहे. त्याचा अर्थ काय होतो, हे मला सांगायला नको.

मिल्टन कीन्समध्ये माझ्या घरापासून स्टेशनपर्यंत पायवाट आहे, झाडांमधून जाणारी. संध्याकाळी तिथे फारसं कुणी नसतं. शेवटी शेवटी आई काठी घेऊन चालायची. रबराचं टोक होतं तिला.

गेला आठवडाभर मागून तो आवाज येतोय.

टक्… टक्…

मी वळून बघत नाही. चाल मात्र हळू केली आहे.