‘येणार नाही’ कोणी दाबलं?

“संशय घ्यायचा तर सगळ्यांवर घ्यायचा,” स्वरूपा म्हणाली. “अगदी मला धरून.”

“तुझ्यावर कशाला? तुझा काय संबंध?” आयुषने विचारलं.

“तेच तर. ज्याचा काही संबंध नसतो, तोच शेवटी निघतो.”

स्वरूपा मिनलच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि संशय घेण्यात तिचा हात धरणारं भोसरीत कोणी नव्हतं. दूधवाल्याने मिशी कापली तरी ती आठवडाभर त्याच्या मागावर असायची. एरवी मिनल पोट धरून हसली असती. पण आज तिला हसू येत नव्हतं. तिचा मावसभाऊ आयुष सुट्टीसाठी तळेगावहून आला होता, तिघांनी सायकलवर भटकायचे बेत केले होते, आणि ते सगळे बेत गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली गुंडाळून पडले होते.

कारण होतं मिनलच्या आईचा फोन.

आई, म्हणजे मंजुषा, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. कितीतरी वर्षं ती कंत्राटावरच होती. आता कंपनीने रविवारी चाचणी ठेवली होती. पास होणाऱ्यांना परमनंट करणार होते. बोलावणं कंपनीच्या ‘लाइन-साथी’ नावाच्या अ‍ॅपवर आलं. खाली दोन बटणं होती : हिरवं ‘येणार’ आणि लाल ‘येणार नाही’. उत्तर एकदाच देता येणार होतं. बुधवारी पहाटे कंपनीची बस गाठायच्या घाईत आईने मिनलच्या डोळ्यांदेखत उत्तर दिलं आणि ती धावत सुटली. दुपारी घरी येऊन पाहते तर फोनवर ओळ झळकत होती : ‘आपण चाचणीला नकार दिला आहे. धन्यवाद.’

आईने लगेच कंत्राटदाराच्या सुपरवायझरला, दिग्विजय सरांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, ज्यानं त्यानं स्वतःच्या बोटानं उत्तर दिलंय. तुमच्या लाइनवरच्या बऱ्याच बायकांनी नकार दिलाय. शुक्रवारी संध्याकाळी यादी वर जाणार. मी त्यात काय करणार?”

आणि मिनल पटकन बोलून गेली होती, “घाईत चुकून लाल दाबलं असशील गं.”

आई नुसती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. ते आठवलं की मिनलला अजून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

“बऱ्याच बायकांनी एकदम नकार दिला?” आता ती म्हणाली. “परमनंट व्हायला नको म्हणून? हे काही पटत नाही मला.”

“दिग्विजय सर!” स्वरूपाने चुटकी वाजवली. “स्वतःची माणसं घुसवायची असतील त्यांना.”

“किंवा विक्कीदादा,” आयुष म्हणाला. “मावशीच्या फोनची काच त्यानंच बदलली ना?”

गुरुवार होता, औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी होती, त्यामुळे आईचा फोन घरीच होता. तो घेऊन तिघं गल्लीच्या तोंडावरच्या विक्कीच्या दुकानात धडकली. विक्की एका हाताने वडापाव खात होता आणि दुसऱ्या हाताने कुणाच्यातरी फोनचं पोट फाडत होता.

“काच बदलली, बाकी बोट नाही लावलं,” तो दुखावून म्हणाला. “पण खरं सांगू का, या फोनमध्ये कुणीही काहीही करू शकतं. ह्याला लॉकच नाही. मी म्हटलं होतं ताईंना, तर म्हणाल्या, नको, गेटवर अडचण होते.”

“कसली अडचण?” स्वरूपाने डोळे बारीक केले.

हे मात्र मिनलला ठाऊक होतं. कंपनीत लाइनवर कॅमेऱ्याचा फोन चालत नाही. आत जाताना गेटवरच्या केबिनमध्ये फोन ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. घरून काही निकडीचा फोन आला तर गार्ड तो उचलतो आणि आत निरोप धाडतो. त्याला उचलता यावा म्हणून सगळ्या बायकांनी लॉक काढून टाकलं होतं. एकीने काढलं, मग दुसरीने, आणि पुढे तोच रिवाज झाला.

“म्हणजे अख्खी शिफ्ट तुमचे फोन दार उघडं टाकून बसलेले असतात,” विक्की म्हणाला. “शाबास.”

तिघं परत गच्चीवर आली. मिनलने ‘लाइन-साथी’ उघडलं, तशी त्यावर एक भडक जाहिरात येऊन आदळली. ‘तुमचा फोन जड झाला आहे! आता साफ करा!’ खाली उजवीकडे फुली होती. मिनलने फुलीवर बोट ठेवलं. जाहिरात हलेना. पुन्हा ठेवलं, तेव्हा गेली.

“ही रोज येते का?” आयुषने विचारलं.

“हल्ली सारखी येते. आई माशी हाकलावी तशी हाकलते. टकटक दोनदा…”

मिनल बोलता बोलता थांबली. जाहिरात गेली होती आणि तिचं बोट अजून तिथेच, काचेवर टेकलेलं होतं. बोटाखाली आता आईच्या कंपनीतल्या रोजच्या जेवणाचा प्रश्न दिसत होता आणि त्यावर उत्तर उमटलं होतं, ‘जेवण नको’.

“अरे देवा,” ती पुटपुटली. “मी नाही दाबलं हे.”

“दाबलंस,” आयुष सावकाश म्हणाला. “पहिल्यांदा फुली दाबलीस. जाहिरात जायला वेळ लावते. म्हणून तू पुन्हा दाबलंस, तोवर ती गेली आणि दुसरं दाबणं खालच्या बटणावर पडलं. लाल बटण बरोबर फुलीच्या खाली आहे.”

मिनलला आठवलं. बुधवारी पहाटे आईने नेमकं हेच केलं होतं. टकटक, दोनदा. मग हिरव्या बटणासाठी बोट पुढे नेलं तोवर उत्तर कधीच गेलेलं होतं.

“ही जाहिरात या अ‍ॅपची नाही,” आयुष म्हणाला. तळेगावात त्याच्या आजोबांचा फोन सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे सेटिंग्जच्या गल्लीबोळांत तो बिनधास्त फिरायचा. “एखादं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या डोक्यावर चढून बसू शकतं. पण त्याला आधी परवानगी द्यावी लागते. थांब, इथेच असणार… ‘इतर अ‍ॅप्सवर दाखवा’. बघ, फक्त एकालाच परवानगी आहे. ‘नावबोल’.”

आईला विचारलं, तर तिने ते नावच ऐकलं नव्हतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, त्याच लाइनवर काम करणाऱ्या इंदुताईंच्या फोनमध्येही नावबोल निघालं. इंदुताईंनी भीतीपोटी अजून उत्तरच दिलं नव्हतं. मंजुषाचं झालं ते आपलंही होईल म्हणून त्या बोलावणं उघडतही नव्हत्या.

“इंदुताईंचा फोन विक्कीदादाकडे कधी गेलाच नाही,” स्वरूपा म्हणाली. “पण दोन्ही फोन केबिनमध्ये जातात. गार्ड आणि सुपरवायझर मिळालेले आहेत. मी सांगते ना.”

आयुषचं बोट नावबोल काढून टाकायला सरसावलं. मिनलने त्याचा हात धरला. “आत्ता नाही. काढलंस तर दाखवणार काय?”

शुक्रवारी आई आणि इंदुताईंची दुपारची दुसरी शिफ्ट होती. पोरं हट्टाने त्यांच्याबरोबर निघाली. आईला काही फारशी आशा नव्हती. “सर ऐकायचे नाहीत,” ती दोनदा म्हणाली. चाकणला उतरल्यावर ट्रकच्या धुरळ्यातून चालत सगळी गेटपाशी पोचली. बाजूला पत्र्याची गार्डची केबिन आणि तिच्या पलीकडे एका जुन्या कंटेनरमध्ये कंत्राटदाराचं ऑफिस होतं.

केबिनच्या भिंतीवर फोन ठेवायचे लाकडी खण होते. आत कोणीच दिसत नव्हतं. तेवढ्यात वरच्या खणातून खणखणीत आवाज आला, “सुभद्राबाई, सासू, फोन करत आहे!”

स्वरूपा आयुषच्या मागे लपली. टेबलाखालून एक म्हातारे गार्ड उठले, पडलेली टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि फोन काढून कानाला लावला. खणातून काढताना त्या फोनच्या पडद्यावर विटेएवढाली अक्षरं दिसली : सुभद्राबाई सासू.

“व्हय, बोला. न्हाई, ती लाइनवर हाय. निकड हाय का? बरं, सांगतो.” त्यांनी फोन ठेवला आणि पोरांकडे पाहिलं. “काय रं, कुनाची तुमी?”

“भैरूकाका, ही माझी पोरं,” आई म्हणाली.

मिनल पुढे झाली. रात्रभर तिने या माणसाला सुनावायची वाक्यं जुळवली होती. “काका, आमच्या आईच्या फोनात नावबोल कुणी टाकलं?”

“म्या टाकलं,” भैरूकाका सरळ म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. “सगळ्यांच्याच. डोळ्याला बारीक अक्षर दिसत न्हाई, पोरी. मागं एकीचा भाऊ दवाखान्यातनं फोन करत व्हता. मला वाटलं कुनी कर्जवाला हाय, म्या उचलला न्हाई. लई वाईट वाटलं तवा. मग नातवानं हे दावलं. नाव मोठं दिसतंय, बोलतंय बी.”

“पण परवानगी?”

“त्यानं मागितली, म्या दिली. लागोपाठ इचारत व्हतं, म्या व्हय व्हय करत गेलो.”

मिनलच्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. तिने विचारलं, “काका, गेटवर कुणी म्हणालं, मला आत सोडा, तर लगेच सोडता?”

“न्हाई! पास बघतो. कुनाकडं काम हाय ते इचारतो.”

“मग याला न विचारता सोडलंत. आत शिरल्यावर ते सगळ्यांच्या डोक्यावर बसलं, काका.” आणि तिने त्यांना सगळं सांगितलं.

भैरूकाका मटकन स्टुलावर बसले. “माज्यामुळं बायांची चाचनी गेली?” त्यांचा आवाज बारीक झाला होता. मिनलला त्यांचा राग यायला हवा होता, पण तिला नुसतीच त्यांची कणव आली.

“अजून गेली नाही,” मिनल म्हणाली. “मावशी, तुमचा फोन द्या.”

इंदुताईंनी फोन छातीशी धरला. “माझं पण ‘नाही’ गेलं तर?”

“तुमच्या बोटानं गेलं तर सर ऐकणार नाहीत. सरांच्या बोटानं गेलं तर?”

इंदुताईंनी क्षणभर मिनलकडे पाहिलं. मग पदराने काच पुसली आणि फोन तिच्या हातावर ठेवला.

कंटेनरमध्ये दिग्विजय सर लॅपटॉपवर यादीच पाहत होते. “ताई, मी फोनवर सांगितलं ना? अ‍ॅपमध्ये काही घोटाळा नाही. लोक बघत नाहीत, भलतंच दाबतात आणि मग पोरांना घेऊन येतात.”

“बरोबर आहे सर,” मिनल अतिशय नम्रपणे म्हणाली. आयुषने चमकून तिच्याकडे पाहिलं. “या मावशींना भीती वाटते. त्यांना यायचंय. तुम्हीच त्यांच्या फोनवर ‘येणार’ दाबून द्याल का? म्हणजे चूक नको व्हायला.”

“एवढंच ना? आणा इकडे.” सरांनी अ‍ॅप उघडलं. “हे बघा ताई, नीट बघून दाबायचं. आधी ही जाहिरात घालवायची…”

टक. जाहिरात हलेना. टकटक.

“…आणि मग हिरवं…” सरांचं बोट हवेतच राहिलं.

‘आपण चाचणीला नकार दिला आहे. धन्यवाद.’

इंदुताईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

“सर,” स्वरूपाने अगदी साळसूदपणे विचारलं, “तुम्ही भलतंच दाबलंत का?”

“मी… नाही. मी ‘नाही’ दाबलंच नाही!”

“आईसुद्धा हेच म्हणत होती,” मिनल म्हणाली. “तिचं कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची ओढून दिली, आधी आईला, मग इंदुताईंना. आयुषने त्यांना ते सेटिंग उघडून दाखवलं, नावबोलची परवानगी बंद केली आणि अ‍ॅप पुन्हा उघडलं. जाहिरात आली नाही. सरांनी लगेच वरच्या ऑफिसला फोन लावला. बोलताना ते म्हणाले, “नाही साहेब, बायकांची चूक नाही. मी स्वतः करून पाहिलंय,” आणि हे वाक्य म्हणताना त्यांचे कान लाल झाले. ज्यांचे ज्यांचे नकार गेले होते, त्या सगळ्यांना नव्याने बोलावणं धाडायचं ठरलं.

शिफ्ट बदलायच्या वेळी केबिनपाशी ही झुंबड उडाली. आयुष फोन घेऊन नावबोल हुडकत होता आणि उडवत होता. “पण मग मला नाव कसं कळायचं?” भैरूकाकांनी काळजीने विचारलं. आयुषने त्यांना दाखवलं की बऱ्याच फोनांत नाव बोलून दाखवायची सोय मुळातच असते. मग मिनलने आईच्या फोनला लॉक लावलं, स्वरूपाच्या फोनवरून त्यावर रिंग दिली आणि तो काकांच्या हातात ठेवला. “आता उचला.”

काकांनी उचलला. लॉक तसंच होतं आणि कानात स्वरूपा “हॅलो, हॅलो” करत होती.

“आं? लॉक असताना बी उचलता येतो व्हय?”

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी कधी करूनच पाहिलं नव्हतं. मग सगळ्याच हसत सुटल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने भैरूकाका.

दिग्विजय सर बाहेर आले. “पोरांनो, मी यादी बघत बसलो आणि तुम्ही फोन बघितला,” ते म्हणाले. “हे काम माझं होतं. तुम्ही चोख केलंत.” भैरूकाकांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. स्वरूपाने आयुषच्या कानात सांगितलं की सर जरा जास्तच गोड बोलतायत, लक्ष ठेवायला हवं.

आईचा फोन वाजला. नवं बोलावणं आलं होतं. आईने अ‍ॅप उघडलं आणि थोडी थांबली. वर काहीच आलं नाही. तिने हिरव्या बटणावर बोट ठेवलं, आणि फोन मिनलपुढे धरला.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाच.”

“आपला होकार मिळाला,” मिनलने वाचलं. “रविवारी भेटू.”

“पुन्हा वाच.”

मिनलने पुन्हा वाचलं. भोंगा झाला. आईने तिचा गाल कुरवाळला, फोनला लॉक लावून तो भैरूकाकांच्या हातात दिला, आणि इंदुताईंचा हात धरून ती गेटातून आत गेली.