खिंडीतली सोबत

"भुकूम? ही गाडी चांद्याला चालली," पुढच्या बाकावरचा तरणा मागं वळून म्हणाला, आणि साळू ताडकन उभी राहिली.

भावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती गोजराआत्याबरोबर पहिल्यांदाच पुण्याला आली होती. दिवसभर लुगडी, खण, फेट्यांची कापडं बघून डोळे दिपले होते. भुकूमला परतताना स्टँडवर ही रेटारेटी! आत्यानं तिला पाठीवरच्या गाठोड्यासकट गाडीत ढकललं. आत्या मागं गर्दीत असेल, या भरवशावर ती बसून राहिली. महाळुंग्याला गाडी बरीच रिकामी झाली, आणि बघते तर आत्या नाहीच.

तरण्याचं नाव जयसिंग. डोंगरापलीकडच्या चांदे गावचाच. रात्रभर आपल्या आईजवळ राहा, सकाळी पोचवतो, असं त्यानं सुचवलं. साळूनं नकाराची मान हलवली. पोरीनं परक्या गावात रात्र काढली एवढं ऐकूनच भुकुमातल्या एकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि वडिलांचा, आबांचा, राग...

मग डोंगर ओलांडून भुकुमात उतरणारी खिंडीची वाट उरली. जयसिंगच्या आईनं भाकरी बांधून दिली. तिचे गुडघे चढाचे नव्हते, म्हणून ती सोबत आली नाही. निघताना त्यानं आपली काठी साळूच्या हातात दिली.

"मी पुढं चालतो. काय वावगं वाटलं तर घाला टाळक्यात."

"आणि वाट कोन दाखवंल मग?"

"म्हंजे तवर तरी जिता ठेवताल."

तिला हसू आलं... पण ते ओठांतच राहिलं. ऊन कलंडलं होतं. कारवीच्या जाळ्या काळ्या पडत होत्या, आणि त्याच्या पाठीखेरीज ओळखीचं काहीच दिसत नव्हतं. खिंडीच्या तोंडाशी जाळीत काहीतरी जोरात खसपसलं. तिनं धावत जाऊन त्याची बाही धरली. एक ससा उड्या मारत गेला. ती बाही सोडायला विसरली. त्यानंही आठवण दिली नाही.

तेवढ्यात खालून कंदील वर येताना दिसले, आणि हाका. मागच्या गाडीनं भुकुमात पोचलेल्या आत्यानं, पोर चांद्याच्या गाडीत गेली म्हणून रडून गाव गोळा केलं होतं. सगळ्यांच्या पुढं साळूचे आबा, हैबतराव. हातात कोयता.

"तुमी जावा," साळू कुजबुजली. "मागं फिरा. माजं मी सांगते."

"मी पळालो, तर तुमी खोट्या ठरताल."

तो थांबला. कंदिलाच्या उजेडात त्याची नजर कोयत्यावर खिळलेली तिला दिसली. तोही घाबरला होता, तिच्याएवढाच. ते पाहिलं, आणि वडिलांपुढं कधी मान वर न केलेली साळू दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आबा, चुकीच्या गाडीत मी बसले. यांनी सोबत केली. काय म्हणायचं ते मला म्हणा."

हैबतरावांनी लेकीकडं पाहिलं, मग त्या पोराकडं. कुणाचा, कुठला, आई काय करते, सगळं खोदून विचारलं. तो एकेक सांगत गेला. शेवटी त्यांनी कोयता कमरेला खोचला आणि गाठोडं स्वतः उचललं.

"चल," ते त्याला म्हणाले. "जेवून ऱ्हा. अंधाराचं कुटं जातोस."

रात्री तो ओसरीवर गड्यांबरोबर निजला. आतल्या खोलीत साळूला झोप लागली नाही. सकाळी उठावं, आणि तो गेलेला असावा... आता हीच धास्ती.

उजाडताच ती घागर घेऊन बाहेर आली. तो पायरीवर वहाणा घालत होता.

"दादाच्या लग्नाला येणार?" तिनं जमिनीकडं बघत विचारलं.

"कुणी बोलावलंच न्हाई."

घरात आईच्या बांगड्या वाजल्या. आबा गोठ्यात खाकरले. तरी साळूनं मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी बोलावतीय," ती म्हणाली. "आईलाबी घिऊन या. आबांशी बोलायला."