कुंपणाआतलं मांजर

कुंपणाच्या आत आणखी एक बिल्बी मेलेली सापडली, तेव्हा नॉर्माने ऑड्री व्हिटलला बोलावणं धाडलं. पोर्ट ऑगस्टाहून तिला घेऊन दिवसभर गाडी हाणून बर्टच्या कमरेचा पार भुगा झाला होता. ऑड्रीचे सगळे तपास त्याच्याच गाडीतून होत, आणि उलगडा मात्र त्याच्याच डोक्यात सगळ्यात शेवटी शिरे.

नॉर्मा अभयारण्याची प्रमुख. बाहेरच्या वाळवंटातल्या लांब कानांच्या, सशाएवढ्या बिल्बी मोकाट मांजरांनी कधीच फस्त केल्या होत्या. उरल्या त्या इथे, उंच जाळीच्या आत. आणि आता आतच मांजर शिरलं होतं.

"फाटक ट्रूडीकडे असतं," नॉर्मा थकल्या आवाजात म्हणाली. "तिनेच हलगर्जी केली असणार. संध्याकाळी तिला कामावरून काढतेय. जिवावर आलंय, पण काय करू?"

तिने कॅमेऱ्याने टिपलेला फोटो पुढे केला. करडं मांजर, तोंडात बिल्बी. एका कानाचा शेंडा उडालेला, त्यावर खपली.

ट्रूडीचे डोळे रडून सुजले होते. "बाई, कुंपणालगतची वाळू मी रोज दाताळ्याने सारखी करते. तिच्यावर एक पंजा उमटलेला नाही. प्रत्येक गाडी खालून-वरून बघते. नॉर्माबाईंचीसुद्धा सोडत नाही."

"पहिली बिल्बी मेली, त्याच्या आदल्या दिवशी कोण आत आलं?" ऑड्रीने विचारलं.

"आमचे शिकारी, क्लाइव्हकाका. बाहेरची मांजरं मारतात. 'दोन चोर आणलेत गं,' म्हणून नेहमीचं जुनं पोतं दाखवलं."

"उघडून पाहिलंस?"

"मेलेल्यांना काय तपासायचं?"

मारलेल्या मांजरांनी काय खाल्लं ते कळावं म्हणून नॉर्मा आतल्या शेडमध्ये त्यांची पोटं फाडून बघत असे.

"त्या दिवशी एकच आलं," ती म्हणाली. "तेही नव्या कोऱ्या पोत्यात. म्हटलं, म्हाताऱ्याला हे कुठून सुचलं?"

शेडमागे आडोशाच्या वाळूत पंजे उमटले होते. ते तिथूनच सुरू होऊन झुडपांत गेले होते.

क्लाइव्ह पायरीवर बंदूक पुसत बसला होता. बर्ट चार पावलांवर आला तसा तो म्हणाला, "नॉर्मा, चहा टाकतेस का गं?"

बर्टने आपल्या दाढीवरून हात फिरवला. म्हातारा थट्टेखोर दिसतोय, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी चहाच्या टेबलाशी सगळे जमले.

"मांजर चालत आलेलं नाही," ऑड्री म्हणाली. "वाळू कोरी होती. गाडीखाली लपूनही नाही, ट्रूडी वाकून बघते. न तपासता आत जाते अशी इथे एकच गोष्ट आहे. मेलेलं मांजर."

बर्टचा कप अर्ध्यावर थांबला.

"फाटकात दोन होती, नॉर्माकडे एकच पोचलं. जुनं पोतं गेलं, नवं आलं. कारण जुनं आतून फाटलं होतं. गोळी नुसती कानाला चाटून गेली. मांजर बेशुद्ध पडलं, मेलं नाही. नेम चुकला, कारण नेमबाजाला चार पावलांवरची दाढीसुद्धा दिसत नाही."

क्लाइव्हने चष्मा काढला. तो असून नसून सारखाच होता.

"माझ्या पायांवरून पळालं," तो म्हणाला. "मला नुसती सळसळ ऐकू आली. सांगितलं असतं, तर बंदूक काढून घेतली असती. आयुष्यभर मांजरंच मारत आलो. दुसरं येतं काय मला?"

"आणि माझी नोकरी गेली असती ती?" ट्रूडीने विचारलं.

बर्टला ट्रूडीसाठी हायसं वाटलं आणि म्हाताऱ्याची कीव आली.

क्लाइव्हने बंदूक टेबलावर ठेवली. "ते अजून आतच आहे. आजही एखादी मारेल. शेवटचं तेवढं मला..."

ट्रूडीने बंदूक उचलली, डोळे पुसले.

"गोळी मी झाडणार," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं शेजारी बसून सांगा, मांजर दबा धरून कुठं बसतं ते. आणि काका, पडल्यावर ते मेलंय की नाही, तेही मीच बघणार."