लाल वर्तुळाबाहेर

वणीच्या बसस्टँडसमोरच्या सीडीच्या दुकानात ‘सोनखडकाची वाट’ या जुन्या सिनेमाची डिस्क दिसली तेव्हा मला आनंद झाला. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर त्या डिस्कबद्दल माझ्या मनात रागाशिवाय काही उरलं नाही. कव्हरवर छापलं होतं : नव्या झळाळीत, निर्दोष चित्र, स्वच्छ आवाज.

हा सिनेमा माझ्या जन्माआधी आमच्या गावाजवळ, मुकुटबनच्या पुढे, पैनगंगेवर चित्रित झाला. तीन मुलं नदीपलीकडच्या गुहेतलं सोनं शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. त्यातल्या राणीला नदी पोहून जायचं असतं, आणि मुंबईहून आलेल्या नटीला पोहता येत नव्हतं. म्हणून तिचा पिवळा फ्रॉक घालून माझी मावशी पोहली. ममता, आईची धाकटी बहीण. त्याच दिवशी ती नदीत बुडाली. शूटिंग सकाळीच संपलं होतं, दुपारी पोरगी कुणाला न सांगता पाण्यात उतरली, असं युनिटनं पोलिसांत लिहून दिलं.

सिनेमाच्या नामावलीत तिचं नाव नाही. घरात तिचा फोटो नाही. पण नदीच्या मधोमध, पाठमोरी पोहणारी राणी एकदा मागे वळून बघते. तो चेहरा ममताचा. पापणी लवेपर्यंतच दिसतो.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमची वस्ती समाजमंदिरात भाड्याचा व्हीसीआर लावून हा सिनेमा पाहायची. तो चेहरा आला की लहानथोर सगळे एका आवाजात ओरडायचे, “ममते, इकडे ये!” आम्हा पोरांना तो सिनेमातला सगळ्यात मजेचा भाग वाटायचा. टेप झिजत गेली, चेहरा धूसर झाला, हाक तशीच राहिली.

मी बी.एस्सी. करून घरी आले त्या वर्षांत गावात चॅनेलच्या गाड्या सारख्या यायच्या. कापूस-शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीसाठी बायांना दारात बसवायच्या आणि गेलेल्या नवऱ्याचा फोटो मांडीवर धरायला लावायच्या. आई त्यांच्याकडे पाठ करून बसायची. “ज्याच्या घरी फोटो हाये त्याच्याच घरी जातेत हे लोकं,” ती म्हणायची.

म्हणून मी ती डिस्क घेतली. आईला तिची बहीण एकदा नीट दिसावी, एवढंच मला हवं होतं.

दुपारी लोडशेडिंग संपल्यावर माझ्या भावानं, संघर्षनं, डिस्क लावली. “ताई, आता मावशी अशी साफ दिसन का दात मोजून घे,” तो म्हणाला. आईनं त्याला चापट मारली, पण ती हसत होती. चित्र खरोखर स्वच्छ होतं. नदीतला गोटान् गोटा दिसत होता. राणी पोहत मध्यापर्यंत गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं.

गोल गाल, सुकी बट, गोड हसू. चेहरा मुंबईच्या नटीचा होता.

हाक मारायला उघडलेलं आईचं तोंड तसंच राहिलं. “हे कोण व्हय?”

“मांगं घे, मांगं घे,” संघर्ष मलाच म्हणाला, रिमोट त्याच्याच हातात असून. मागे घेतलं. पुन्हा तीच हसली.

डिस्कवर सिनेमानंतर एक जादा भाग होता, जुनं चित्र नवं कसं केलं ते दाखवणारा. त्यात एक चष्मेवाला माणूस खुर्चीत बसून बोलत होता. खाली नाव होतं, नंदकिशोर. तो मूळचा यवतमाळचा. हा सिनेमा पाहून लहानपणी वेडा झालो होतो, असं तो म्हणाला, आणि खोटं बोलत होता असं वाटलं नाही. ओरखडे काढले, धूळ काढली, डाग काढले. “पण एक दोष मला लहानपणापासून खटकायचा. इथे डुप्लिकेटचा चेहरा दिसतो.”

पडद्याचे दोन भाग झाले. उजवीकडे नवं चित्र, डावीकडे जुनं. डावीकडे ममताच्या चेहऱ्याभोवती एक लाल वर्तुळ उमटलं. बुरशीचा डाग दाखवायला काढतात तसं.

तो चेहरा इतका स्पष्ट आम्ही कधीच पाहिला नव्हता. आई उठली आणि टीव्हीची काच पदरानं पुसू लागली. वर्तुळ निघेना.

कव्हरवर कंपनीचा नंबर होता. मी फोन लावला, नंदकिशोरला बोलवायला सांगितलं. तो नम्रपणे बोलला.

“तो चेहरा परत लावा,” मी म्हणाले.

“तुमच्या भावना समजतात ताई. पण ती डुप्लिकेट होती. राणीचा चेहरा राणीचाच हवा ना?”

“तिला नाव आहे.”

“असेल ना. पण बघणाऱ्याला त्याचं काय?”

त्यानं शिवी दिली असती तर मला कमी राग आला असता.

मग मी तो प्रसंग रागानं, पुन्हा पुन्हा पाहिला. नवं चित्र स्वच्छ असल्यानं जुन्या टेपवर कधीच न दिसलेली एक गोष्ट दिसली. पलीकडच्या काठावरच्या खडकाची सावली. नदी तिथे पूर्वेकडे वाहते आणि कॅमेरा आमच्या काठावर, दक्षिणेकडे तोंड करून होता. म्हणजे चित्रात डावीकडे पूर्व. सकाळची सावली उजवीकडे पडायला हवी होती. ती डावीकडे पडली होती, आणि लांब होती.

हे चित्र दुपारचं होतं. ज्या दुपारी शूटिंग संपलं होतं म्हणे, त्या दुपारचं. कॅमेरा चालू होता. तिचं बुडणं सुरू झालं तेवढा तुकडा त्यांनी सिनेमात वापरला होता, आणि गावोगावच्या मुलांनी तो इतकी वर्षं टाळ्या वाजवत पाहिला होता.

मी आईला सांगितलं. ती कापसाच्या वाती वळत होती. हात थांबले नाहीत.

“मले माहीत हाये.”

“माहीत आहे?”

“सकाळी ते मासोळीवानी गेलती. हे दुसऱ्या बारीचं हाये. खांदा पाह्य तिचा, कसा थकून पडला. शूटिंगवाल्या साहेबाले उजेड आवडला नव्हता म्हने. आनखी एकडाव जाय म्हने.”

“मग तुम्ही कोणी ओरडला का नाहीत?”

आता तिचे हात थांबले.

“साहेब भोंग्यावर बोल्ला व्हता, चालू हाये, कोनी आवाज करू नोका. सारं गाव काठावर. तिनं मांगं वळून पाह्यलं. मलेच पाह्यलं. आन् मी तोंडावर पदर दाबून उभी राह्यली, साहेबाचा सिनेमा खराब होईन म्हून.” तिनं वात पुन्हा हातात घेतली, पण वळली नाही. “म्हून आता हाका मारतो. काठाकडे वळन म्हून.”

मला भोंगेवाल्याचा राग आला, नंदकिशोरचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या मुलांचा आला. क्षणभर आईचाही आला, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं तो जादा भाग लावायला सांगितला. डावी बाजू आली, लाल वर्तुळ आलं. ती हळूच म्हणाली, “ममते, इकडे ये.” चेहरा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटला.

मी तपासलं. गप्प बसून लावलं, तेव्हा चेहरा नेहमीइतकाच. मी भलतंच नाव घेऊन हाक मारली, तरी तेवढाच. आईनं ममता म्हटलं की तो रेंगाळायचा, आणि तेवढा वेळ प्लेअरवरचे सेकंदांचे आकडे थांबून राहायचे. दोन दिवसांनी तिची हनुवटी वर्तुळाच्या रेषेवर आली होती. आधी ती आत होती. डिस्कवर एकदा कोरलेलं चित्र बदलत नाही. मला तसं शिकवलं आहे आणि मी आजही ते मानते.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. या वेळी सिनेमा नको, तेवढाच भाग लावा, असं आईनं सांगितलं. तांड्यावरचे रामधनकाका आले होते. तेही त्या दिवशी काठावर होते.

“लाव ना बे पोट्ट्या,” ते संघर्षला म्हणाले, “का मुहूर्त पाहून राह्यला?”

लोक हसले. संघर्षनं बटण दाबलं.

नंदकिशोर बोलू लागला. पडद्याचे दोन भाग झाले. वर्तुळ उमटलं.

“ममते, इकडे ये!”

चेहरा थांबला. नंदकिशोरचा आवाज बंद झाला. आकडे थांबले. पाणी मात्र वाहत होतं.

“ममते!” आई एकटीच ओरडली. मग पुन्हा सगळे.

तिचा चेहरा वर्तुळाच्या बाहेर आला. आधी कान, मग खांदा. ती वळली होती.

ती आमच्याकडे पोहू लागली.

हाका हळूहळू बंद पडल्या. रामधनकाकांनी तोंडावर हात दाबला. आईनं तो हात ओढून काढला. “गप राहू नोका!” ती किंचाळली. “आता कोनी गप राहू नोका!”

आम्ही ओरडत राहिलो.

ती चित्राच्या खालच्या कडेपर्यंत आली. काठाला धरतात तसा तिनं कडेवर हात टेकवला. मग चित्रात कोणी नव्हतं. लाल वर्तुळात नुसतं पाणी होतं.

उजव्या बाजूला नटीचा चेहरा अजून हसत होता. त्याच्याखाली मान नव्हती, फ्रॉक नव्हता. तो तसाच, हसत, प्रवाहाबरोबर डावीकडे वाहत गेला.

मग वीज गेली.

आठवड्यानंतर फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला.

“तुम्ही त्या डिस्कचं काही केलंत का?” नंदकिशोर म्हणाला.

“काय करणार? आम्ही बघणारे.”

“माझी मुलगी,” तो म्हणाला आणि थांबला. “घरातच आहे. खेळते. जेवते. पण हाक मारली तर वळत नाही. पाठमोरीच असते.”

“समोर जाऊन बघा.”

“गेलो. समोर गेलो तरी पाठच दिसते.”

मला दया यायला हवी होती. मी वाट पाहिली. ती आली नाही.

“हाक मारत राहा,” मी म्हणाले. “तिच्या नावानं. आम्ही तेच केलं.”

“किती दिवस?”

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. मग त्यानं विचारलं, “तुमची ती... वळली का?”

मी खिडकीतून अंगणात पाहिलं. आई सकाळच्या उन्हात पोत्यावर पाय पसरून बसली होती, शेजारी तेलाची वाटी. ती कुणाला तरी दटावत होती, हलू नको म्हणून. तिच्या हातातला कंगवा रिकाम्या हवेतून सावकाश खाली येत होता. मध्येच तो अडला. आईनं दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुंता सोडवला आणि कंगवा पुन्हा खाली येऊ लागला.