अर्धी सोडलेली वेल

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर आधी स्वतःला त्यातून वगळलं असतं.

गेल्या फेब्रुवारीतली दुपार. अल्माटीतली एक छोटी गॅलरी. मी तिथे इंटर्न. खिळे ठोकायचे, मापं घ्यायची आणि टांगण्याआधी प्रत्येक वस्तू कशी आहे ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम.

त्या प्रदर्शनात माझ्या कुलाश आजीचं तुसकिइझ होतं. पलंगामागे भिंतीवर लावतात ते भरतकामाचं कापड. आजी नको म्हणत होती, मीच हट्टाने आणलं.

आमच्या कझाक बायका हे कापड कधी पुरं करत नाहीत. कोपऱ्यातली वेल अर्धी सोडतात. वेल पुरी झाली, की भरणारीचं आयुष्यही पुरं झालं म्हणतात.

मी लिहिलं, ‘कोपरा अर्धा. पाच पानं.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली...

सहा.

आमच्या मुख्य बाई रौशन अपाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “हात शिवशिवतात वाटतं तुझे, तोगजान?”

“मी सुई धरलेली नाही, अपाई.”

“मग काय, भिंतीने भरलं?”

मला त्यांचाच संशय. अर्धा कोपरा फोटोत बरा दिसत नाही, अशी कुरकुर त्यांनीच केली होती.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी दालनाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. अपाईंना दारातच चहा दिला आणि शेजारी बसून राहिले.

आतून आवाज आला...

सर्रर्र.

जाड कापडातून दोरा ओढावा तसा.

कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. पानं सात. वेल मिटायला एकच उरलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन. “आजी कालपासून जेवत नाहीये गं. सारखी म्हणते, माझी वेल कोण भरतंय?”

मी कात्री उचलली.

“कात्री लावलीस तर उद्यापासून येऊ नकोस,” अपाई म्हणाल्या.

“नाही येत.”

मी नव्या दोन पानांचे टाके उसवत होते. अपाई भिंग घेऊन वाकल्या.

“हे टाके डावखुरे आहेत,” त्या म्हणाल्या.

आमच्या घरात डावखुरी मी एकटीच.

नोकरी गेली. आजी मात्र संध्याकाळी उठून बसली, मला शिव्या घालत दोन वाट्या सूप प्यायली. कापड आता पेटीत आहे, किल्ली आईकडे. घरातल्या सगळ्या सुया मी स्वतः शेजारणीला देऊन टाकल्या.

तरी मला भीती वाटते. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच.

आज सकाळी माझ्या बोटावर बारीक लाल ठिपका होता...

आईकडे किल्ली मागायची हिंमत होत नाहीये.

आणि आजी आज चहाला नको म्हणालीये.