दुसरी फेरी

चेंडू माझ्या स्कूटीच्या पुढच्या चाकावर आदळला आणि मी मैदानाच्या कडेला थांबले. कुरकुंभच्या औषध कंपनीतली पहिली पाळी संपवून मी दौंडला घरी निघाले होते.

धावत आलेल्या माणसाने आधी चेंडू पाहिला, मग चाक, मग मला.

"लागलं का?"

"त्यालाच विचारा. आधी त्याच्याकडेच बघितलंत ना!"

तो हसला. नाव डॅनी, शिरूरचा. तैवानमधल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा पिचिंग कोच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरना तयार करणारा. तिकडचा हंगाम संपला की दोन महिने दौंडच्या मुलींना शिकवायचा.

त्यानंतर माझी स्कूटी रोजच तिथे थांबू लागली. चाक तपासायला...

एका सामन्यात त्याची पिचर पूनम बिथरली. चेंडू भलतीकडे जाऊ लागले. डॅनी सावकाश चालत तिच्यापर्यंत गेला, काहीतरी बोलून परत आला. पुढचे तीन चेंडू सरळ पडले.

"काय सांगितलंत तिला?"

"विचारलं, आज घरी कालवण कशाचंय."

"बस?"

"पहिल्या फेरीत मुद्द्याचं बोलायचं नसतं. नुसता जीव थाऱ्यावर आणायचा. पण त्याच डावात दुसऱ्यांदा गेलो, तर नियमच आहे — पिचरला सोबत घेऊनच परतायचं."

"मग दुसऱ्यांदा जाताना विचार करत असाल."

"फार," तो म्हणाला. सामना सुरू होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

डिसेंबरात त्याचा करार दोन वर्षांसाठी वाढला. चौदा जानेवारीचं विमान. नाताळनंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, तो आमच्या घरी आला. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॅनी पन्नास मिनिटं बसला. पप्पांचा गुडघा, उसाच्या ट्रॉल्या, राहू गावाकडच्या विहिरींचं पाणी — सगळं बोलला. चार करंज्या खाल्ल्या आणि गेला.

पप्पांनी दार लावलं. "सारा, ह्यो मागणी घालाय आला व्हता का करंज्या खायला?"

मी हसले. मग स्वयंपाकघरात नळ सोडून रडले. दोन वर्षांचा करार... आणि मला एक शब्द नाही.

चार दिवस त्याचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी, दुपारी साडेचारला, फाटक वाजलं. दारात डॅनी. मागे शिरूरहून आलेले त्याचे आई-वडील.

मी दार अडवून उभी राहिले. "रविवारी कशाला आला होतात?"

"ती पहिली फेरी होती."

"मी घाबरले नव्हते, डॅनी."

"मी घाबरलो होतो."

एवढंच होतं तर! मला हसूही येईना, रागही टिकेना.

"आता दुसऱ्यांदा आलोय," तो हळूच म्हणाला. "नियम आठवतो ना?"

"आठवतो. पण चौदा तारखेला जमणार नाही. नोकरी सोडायची तर महिन्याची नोटीस लागते."

"तिकीट महिनाभर पुढं ढकललंय. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार आपली नावं वाचायला हवीत ना..." तो थांबला. "येशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी दारातून बाजूला झाले.

"येईन."

आतून पप्पांचा आवाज आला, "त्यास्नी आत घे गं! आन् आज आधी मागणी... करंज्या मागनं!"