गार नको, साधं पाणी

जिन्याच्या वळणावर तेजलची आणि खांद्यावरच्या पाण्याच्या जारची टक्कर होता होता राहिली. जारच्या आडून आवाज आला, "एक विचारू? तुमच्या पॅकिंग खात्यात उंट पाळलाय काय? बघावं तवा जार रिकामा!"

"उंट नाय... मी हाय," हातातली बाटली मागे लपवत तेजल म्हणाली, आणि लाजून पळालीच.

तारापूरच्या त्या कारखान्यात जार पोचवणारा कैलास मूळचा खानदेशातला, पण वाढला बोईसरात. दुसऱ्या दिवसापासून खास तिच्यासाठी तो गारेगार जार आणू लागला. तेजल मात्र बाटली भरून खिडकीत, उन्हाला ठेवायची. ते पाहून बिचाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. त्याला खरं सांगावं असं तिला फार वाटे. पण सिकलसेलचं, तिच्या रक्तातल्या त्या जन्मजात आजाराचं, नाव निघताच दोन स्थळं अर्धा चहा टाकून उठली होती. गारठा लागला किंवा पाणी कमी पडलं की तिची हाडं ठणकत. एरवी गोळ्या वेळेवर, पाणी भरपूर – छान चाललं होतं तिचं. फक्त हा तिसरा माणूस तिला गमवायचा नव्हता.

पौषाच्या थंडीत दुखणं उठलंच. आठ दिवसांनी ती कामावर परतली, तर जार साधा! गार नव्हताच.

"जार संपेना, तवा तुमच्या खात्यातल्या शैलाताईंना विचारलं," कैलास चाचरत म्हणाला. "रागावू नका... मीबी रक्त तपासून आलो." त्याने खिशातून पांढरं कार्ड काढलं. "माज्यात ते नाय. सिस्टर म्हनल्या, पोरांना तुमचं दुखनं व्हायचं नाय."

"पोरांपर्यंत पोचलास होय?" तेजलने डोळे मोठे केले. "मला विचारलंस तरी?"

"तेच तर... विचारतोय."

तिला हसू आलं, डोळेही भरून आले. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"दुखतं तवा मी लई चिडते."

"चिड की."

"जनमभर गोळ्या हायेत."

"आठवन करीन."

"आनि तुजी आई हरतालिकेला निर्जळी उपास धरायला लावेल. मला नाय जमायचा."

कैलासने कमरेवर हात ठेवले. "पानीवाल्याच्या घरात निर्जळी? अगं, धंदा बसेल ना माजा!"

तेजल खळखळून हसली आणि तिने रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली.

"भर मग."